ग्रेस मिळाल्याचे पेढे

हा अनुभव लिहावा की लिहू नये, यात माझे बरेच दिवस गेले. असे अनुभव लिहिणाऱ्यांच्या हातून निदान थोडीफार भक्ती तरी घडलेली असते. मी त्या दिवशी देवळाच्या पायरीपर्यंतही पोचले नाही. उलट त्र्यंबकेश्वराच्या दर्शनबारीत उभं राहून मी एका पोरीचा हिरमोड केला, आणि तोही कधी, तर माझा स्वतःचा मुलगा हॉस्पिटलात पडलेला असताना. तरी लिहिते आहे. लाज झाकून ठेवायची आणि कृपेचं तेवढं सांगायचं, हे मला आता जमणार नाही.

मी नाशिकच्या एका शाळेत तीस वर्षांहून अधिक काळ गणित शिकवलं. मुलं माझ्यामागे मला काय म्हणायची ते मला चांगलं ठाऊक होतं. ‘कात्री’ म्हणायची. मला त्याचा राग येत नसे, खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. माझ्या हातून कुणाला अर्धा मार्क जास्त गेला नाही की कुणाचा अर्धा मार्क बुडाला नाही, असं मी स्टाफरूममध्ये छाती काढून सांगत असे. त्यातला दुसरा अर्धा भाग खोटा होता. एका मुलाचे मार्क मी बुडवले होते, आणि तो माझाच मुलगा होता.

अमोल माझ्याच शाळेत होता. नववीत तो माझ्या वर्गात आला, तेव्हा मी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं, की शाळेत मला आई म्हणायचं नाही, सगळ्यांसारखं बाई म्हणायचं. तो बिचारा वर्षभर बाई म्हणत राहिला. गणितात तो यथातथाच होता. वार्षिक परीक्षेत तो पास व्हायला थोडा कमी पडला. तेव्हा आमच्याकडे निकाल लावण्याआधी सगळ्या शिक्षकांची बैठक बसायची. जी मुलं थोडक्यात राहिली असतील त्यांची यादी वाचली जायची आणि नियमात बसेल तेवढा ग्रेस देऊन त्यांना वर ढकललं जायचं. त्यात गैर काही नव्हतं. त्या वर्षी माझ्या विषयात अशी पाच मुलं होती. चार जणांना ग्रेस दिला. पाचवं नाव अमोलचं आलं, तेव्हा मी हात वर केला आणि म्हणाले, “माझ्या मुलाला नको.”

मुख्याध्यापक म्हणाले, “अहो बाई, नियमात बसतंय. बाकीच्यांना दिला तसाच त्यालाही.” मी म्हटलं, “लोक म्हणतील बाईंनी स्वतःच्या पोराला पास केलं. मला ते चालणार नाही.” मग कुणीतरी “कमाल आहे बाईंची” असं पुटपुटलं, आणि ते ऐकून मला काय वाटलं ते आज लिहितानाही माझी मान खाली जाते. मला फार बरं वाटलं. घरी जाताना मी रिक्षाही केली नाही, ताठ मानेनं चालत गेले. अमोलला मी एवढंच सांगितलं, की तू नापास झालास, पुन्हा नववीत बसायचं आहे. ग्रेसचा विषयच काढला नाही. त्याच्या वडिलांना मात्र सांगितलं. ते म्हणाले, “नाव तुझं झालं. वर्ष त्याचं गेलं.” त्यांच्याशी मी आठवडाभर अबोला धरला.

अमोल पुन्हा नववीत बसला. धाकट्या पोरांबरोबर, मागच्या बाकावर. आंघोळीला गेला की तो शीळ वाजवत असे, ती त्या वर्षी थांबली. दहावी झाल्यावर पुढं शिकायचं नाही म्हणाला, आयटीआयला गेला, आणि पिंपळगाव बसवंतला एका कोल्ड स्टोरेजमध्ये मशिनवर लागला. तिथंच तो आता सुपरवायझर आहे. द्राक्षांच्या हंगामात त्याला जेवायलाही फुरसत नसते. मुलगा गुणी निघाला, लग्न झालं, सून चांगली मिळाली, कुणालाही वाटेल की बाईंचं सगळं छान झालं.

आणि मी काय करत होते? मी ती गोष्ट सांगत होते. शिक्षक दिनाला, सत्काराला, कुणाच्या निरोप समारंभाला, माझ्या स्वतःच्या निरोप समारंभाला तर अगदी माइकवरून. ‘मी माझ्या पोटच्या पोरालाही एक मार्क फुकट दिला नाही.’ फक्त बाकीच्या चार जणांना दिला होता, हे मी गाळून टाकत असे. सांगता सांगता ती गोष्ट इतकी गुळगुळीत झाली, की मलाही ती खरी वाटू लागली. ऐकणारे मान डोलवायचे. अमोल पहिल्या रांगेत, त्याच्या आईच्या कौतुकाच्या कार्यक्रमाला, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला असायचा.

मागच्या जूनमध्ये त्याच्या छातीत कामावर असतानाच दुखायला लागलं. वय बेचाळीस. नाशिकला हॉस्पिटलात तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी बायपास करावी लागेल म्हणून सांगितलं. शुक्रवारी सकाळची वेळ ठरली. बुधवारी संध्याकाळी मी त्याच्याजवळ बसले होते. तो म्हणाला, “आई, उद्या दुपारी येशील का जरा? नुसती बस माझ्याजवळ.” एवढंच. माझा मुलगा कधी काही मागत नाही. आणि मी म्हणाले, “उद्या त्र्यंबकला जाऊन येते, महादेवाला साकडं घालते. परवा सकाळी येतेच की ऑपरेशनच्या आधी.” तो बरं म्हणाला.

यातलं खरं कारण मला तेव्हाच कळत होतं. गेले चार दिवस त्याच्याजवळ बसलं, की माझ्या मनात ती बैठक यायची. सांगून टाकावं वाटे आणि तोंड उघडत नसे. देवापुढं बोलणं त्या मानानं सोपं. तो डोळ्यांत डोळे घालून बघत नाही.

गुरुवारी सकाळी आठच्या सुमारास मी त्र्यंबकच्या बारीत उभी राहिले. सुट्ट्या संपत आलेल्या, गर्दी ही एवढी. पास काढून लवकर आत जाता येतं, पण ते मला पटत नाही. तिथंही माझी कात्री चालूच. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, मध्ये माणसामागे माणूस, आणि वरून उकाडा. मी मनातल्या मनात महादेवापुढं काय बोलायचं त्याची तयारी करत होते. गेल्या तीस वर्षांत मी काय काय केलं, किती सोमवार धरले, किती मुलांना घडवलं, कधी कुणाची मिंधी राहिले नाही. शेवटी यायचं ते वाक्य आलंच, की मी माझ्या मुलालाही… आणि तिथं मी अडखळले. ज्याच्यासाठी मागायला आले, त्याच्यावर केलेला अन्याय मी माझं पुण्य म्हणून दाखवायला निघाले होते. तरी मी बारीतून बाहेर पडले नाही. विचार दडपला आणि जपाचे आकडे मोजू लागले.

माझ्यापुढं दिंडोरीकडच्या एका खेड्यातली बाई होती, चाळिशीची, नऊवारीतली नव्हे, साधी सुती साडी, हातांना टोमॅटोच्या झाडांचा हिरवट काळा रंग चढलेला. बरोबर तिची मुलगी. बाई चांगलीच बोलकी होती. घरचं टोमॅटो आणि कोथिंबिरीचं शेत, मालक बाहेर पिकअपमध्ये झोपलेत, हे तिनं आम्हा सगळ्यांना सांगून झालं होतं. साडेअकराच्या सुमारास तिनं पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला आणि पुढच्या मागच्या सगळ्यांना वाटायला सुरुवात केली.

“घ्या मावशी, आमची पूनम दहावी पास झाली.”

मी पेढा घेता घेता सवयीनं विचारलं, “किती टक्के?”

“टक्क्याचं काय नाय हो. गणितात गेली होती, ग्रेसनं पास झाली!” बाईच्या चेहऱ्यावर असा आनंद, की पोरगी बोर्डात आली असावी.

माझ्या तोंडून निघून गेलं, “ग्रेसनं पास झाल्याचे कुणी पेढे वाटतं का? मिरवण्यासारखं काय आहे त्यात?”

आजूबाजूचे दोघं तिघं हसले. त्या पोरीनं मान खाली घातली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. अमोलला निकाल सांगितला तेव्हा त्यानं अशीच मान खाली घातली होती आणि शर्टाचं बटण फिरवत राहिला होता. मला तो तिथं दिसला. शब्द परत घ्यावा असं फार वाटलं, पण माझ्यासारख्या बाईला माफी मागायची सवय नसते. मी पेढा हातात धरून नुसती उभी राहिले.

तिच्या आईला मात्र काही लागलं नाही. ती हसतच म्हणाली, “असं कसं मावशी? आमच्या थोरल्याला ऐंशी टक्के पडले, तवा आम्ही घरातल्या घरात गोड खाल्लं. त्यानं रात्रंदिस घासली होती, ते त्याचं कमावलेलं. हिचं तसं नाय. हिला कुणीतरी, कुठं बसून कोण जाणे, वरचं घातलं. ना आमची वळख ना पाळख. असं आपसूक पदरात पडलेलं एकटीनं कसं खायचं? ते वाटायलाच पायजे.”

ज्या चौघांना मी ग्रेस दिला, त्यांच्या घरी कुणाच्या आईनं असे पेढे वाटले असतील का, असा विचार मनात आला. आणि माझ्या घरी त्या संध्याकाळी काय शिजलं होतं, तेही मला आठवेना.

तेवढ्यात फोन वाजला. सून होती. “आई, कुठं आहात? डॉक्टरांनी आजच घ्यायचं ठरवलंय. त्यांचे रिपोर्ट आले, उद्यापर्यंत थांबायला नको म्हणाले. तीनला आत नेतील. हे तुम्हाला दोनदा विचारत होते.”

घड्याळात पावणेबारा वाजले होते. त्यानं मला विचारलं होतं, दोनदा, आणि मी तीस किलोमीटरवर कठड्यांत अडकले होते. पुढं जाता येईना, मागं शेकडो माणसं. माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी खालीच बसले. पुढचं मला तुटक आठवतं. त्या बाईनं मला काखेत हात घालून उठवलं. काय झालं म्हणून विचारलं, मी कसंबसं सांगितलं. तिनं एकदा पुढं बघितलं. देऊळ दिसायला लागलं होतं, चार तासांनंतर फार तर अर्ध्या तासाचं काम उरलं होतं. मग ती मोठ्यानं ओरडली, “सरका हो, सरका! मावशीच्या पोराचं आप्रेशन हाय, वाट द्या!” लोकांनी अंग चोरून वाट दिली. जिथं वाट नव्हती तिथं तिनं मला कठड्याखालून वाकवून काढलं. मागून पूनम माझी पिशवी आणि चपला घेऊन येत होती.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “तुम्ही जा आता परत, तुमचा नंबर जाईल. मी एसटीनं जाते.”

“आन् यष्टीत चक्कर आली मंजे?” ती म्हणाली. “चला गुमान. महादेव कुठं पळून चाललाय?”

तिचा नवरा पिकअपमध्ये तोंडावर टॉवेल टाकून झोपला होता. तिनं त्याला हलवून दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्यानं “कोणतं हॉस्पिटल?” एवढंच विचारलं आणि गाडी चालू केली. पुढं तिघांचीच जागा. पूनम कुणी न सांगता मागं रिकाम्या क्रेटवर जाऊन बसली, त्या उन्हात, डोक्याला ओढणी गुंडाळून. मागच्या काचेतून ती मला दिसत होती. जिला मी शंभर माणसांत खाली पाहायला लावलं, तिच्या जागेवर मी बसले होते.

रस्त्यात त्या बाईनं सहज विचारलं, “पोरगं काय करतं तुमचं?” आणि मी रडायला लागले. मग मी सगळं सांगितलं. बैठक, पाच नावं, माझा वर गेलेला हात, आणि नंतर वर्षानुवर्षं सांगितलेली ती गोष्ट. आयुष्यात पहिल्यांदा काही न गाळता सांगितलं, तेही दोन अनोळखी माणसांना. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ द्या बाई, तुम्ही चांगल्यासाठीच केलं. माझे विद्यार्थी, सहकारी, सगळे तसंच म्हणाले असते. ती तसं म्हणाली नाही. सरळ म्हणाली, “लय वंगाळ केलं बाई. पण आमाला सांगून काय उपेग? त्याला सांगा.”

सातपूरला गाड्यांची ही मोठी रांग लागलेली. माझा जीव टांगणीला. तिच्या नवऱ्यानं न बोलता गाडी कारखान्यांच्या आतल्या रस्त्यानं घातली, दोन ठिकाणी उलटी घेतली, एका ठिकाणी ट्रकवाल्याला हात जोडले. दीडच्या आत त्यांनी मला हॉस्पिटलच्या दारात उतरवलं. मी धावत आत शिरले. आभार मानले नाहीत, नाव विचारलं नाही, पूनमकडं वळून बघितलंही नाही. लिफ्टमध्ये शिरल्यावर ध्यानात आलं, आणि तोवर लिफ्टचं दार लागलं होतं. तिची माफी मागायची राहिली, ती राहिलीच आहे.

अमोलला हिरवा गाऊन घालून ठेवला होता. छाती भादरलेली, चेहरा लहान दिसत होता. मला बघून हसला. “झालं का दर्शन?” म्हणाला. मी म्हटलं, “नाही झालं.” मग सुनेसमोरच, खुर्चीही न घेता, मी त्याला सांगून टाकलं. नववीत तुला ग्रेस मिळत होता. सगळ्यांना दिला. तुला मी देऊ दिला नाही. माझं नाव व्हावं म्हणून.

तो छताकडं बघत राहिला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, “माहीत आहे मला. माझ्या वर्गातल्या संज्याला माझ्यापेक्षा कमी होते, आई. तो पास झाला. तेवढं गणित मला येत होतं.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?”

“काय बोलायचं?” तो म्हणाला. “ती गोष्ट सांगताना तू फार खूश असायचीस.”

सत्तावीस वर्षं त्यानं मला ते सुख घेऊ दिलं होतं, ज्यावर माझा काडीचाही हक्क नव्हता. त्यानं एकदाही, भांडणातसुद्धा, ते तोंडावर फेकलं नाही. मी मात्र त्याचे मार्क घेऊन जन्मभर मिरवले. त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, “बस ना जरा.” मग मी बसले. तासभर बसले.

वेळ झाली तशी वॉर्डबॉय आले आणि त्याला स्ट्रेचरवर घेऊन निघाले. आईनं लेकराच्या पाया पडू नये, त्याचं आयुष्य कमी होतं, असं आमच्याकडं मानतात. मला ते ठाऊक होतं. मी चादर सारखी करायच्या निमित्तानं वाकले आणि त्याच्या दोन्ही पावलांवर क्षणभर कपाळ टेकवलं. पावलं गार होती. सुनेनं ते बघितलं. त्या दिवशी मला दर्शन झालं नाही, असं त्यानंतर मी कुणाला सांगितलेलं नाही.

ऑपरेशन चार तास चाललं. बाहेरच्या बाकड्यावर बसून मी काहीही मागितलं नाही. माझ्याकडं दाखवायला काही उरलंच नव्हतं, आणि ते नसल्यामुळं का कोण जाणे, मी बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा शांत बसले. महादेवा, मी ही अशी आहे, एवढंच मनात होतं. दिवेलागणीला डॉक्टर बाहेर आले आणि सगळं नीट झाल्याचं म्हणाले.

ती बाई कोण होती, तिला कुणी पाठवलं, या भानगडीत मी पडत नाही. दिंडोरीकडची टोमॅटो पिकवणारी बाई होती ती, आणि माझ्यासाठी आपलं दर्शन सोडून आली. तेवढं मला पुरे आहे. मी पुढंही त्र्यंबकला गेले, बारीत चेहरे शोधले, सापडली नाही. मला इतकंच कळलं आहे, की आपण देवापुढं ज्याचा पाढा वाचतो ते बहुतेक आपलं नसतं, आणि जे खरोखर मिळतं ते मागायच्या आधीच कुणीतरी देऊन बसलेलं असतं. ओंजळ तेवढी पुढं करावी लागते, आणि तेच माझ्यासारखीला सगळ्यांत जड जातं. ज्यांनी ज्यांनी दिलं, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे.

हे लिहून झाल्यावर मी अमोलला वाचायला दिलं. आता तो बरा आहे, कामावरही जायला लागला आहे. त्यानं चष्मा लावून सगळं शेवटपर्यंत वाचलं. मला वाटलं काहीतरी बोलेल. कागद परत देताना म्हणाला, “छाप हवं तर. फक्त गणितात मला किती पडले होते तेवढं काढून टाक, आई. ऑफिसातली पोरं वाचतात.”

मी लगेच काढून टाकलं.